सेप्टिक टाकीची मोटर: फ्लॅट सोडून बैठ्या घरात आलेल्यांसाठी

फ्लॅटमध्ये असेपर्यंत फ्लशचं बटण दाबलं की आपला संबंध संपतो. पुढचं सोसायटी बघते, महापालिका बघते. मग आपण हौसेने ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या आत, ओवळा-भाईंदरपाड्याकडे रो-हाउस घेतो, अंगणात तुळस लावतो, झोपाळा टांगतो. आणि पहिल्याच जुलैत त्या झोपाळ्याखालच्या सिमेंटच्या झाकणाच्या फटीतून काळं पाणी वर येतं. तेव्हा कळतं की अंगणाच्या पोटात एक टाकी आहे, टाकीला लागून एक खड्डा आहे, खड्ड्यात एक मोटर आहे आणि या तिघांचं आता आपल्यालाच बघायचंय.

माझं असंच झालं. पुढच्या नऊ वर्षांत मी दोन मोटरी जाळल्या, तीन फ्लोट बदलले. त्यातून एवढं कळलं की ‘मोटर बिघडली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दुखणं टाकीचं असतं. मोटर पाणी उचलते, गाळ उचलणं तिचं काम नाही. टाकी नीट ठेवली तर मोटर वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. टाकी तशीच ठेवून नुसती मोटर बदलत बसलात तर दुकानदार तुम्हाला नावाने ओळखायला लागतो, जसा मला ओळखतो.

आधी झाकणं मोजा

घरात आल्यावर पहिल्या कोरड्या रविवारी अंगणातली झाकणं शोधा. बऱ्याचदा एखादं लादीखाली किंवा कुंड्यांखाली गेलेलं असतं. साधारणपणे टाकीवर दोन आणि मोटरच्या खड्ड्यावर एक. घरातून येणारा चार इंची पाइप ज्याच्याखाली शिरतो तो पहिला कप्पा. जड ते तिथे तळाशी बसतं, तेलकट ते वर तरंगून साय धरतं आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या कप्प्यात जातं. तिथून ‘टी’ लावलेल्या पाइपाने ते मोटरच्या खड्ड्यात उतरतं. या खड्ड्याला प्लंबर चेंबर म्हणतात, कोणी संप म्हणतात. मोटर तिथलं पाणी वरच्या शोषखड्ड्यात किंवा रस्त्यावरच्या मलवाहिनीत ढकलते.

मोटर लागतेच कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर खाडीत आहे. खाडीकाठच्या सखल जमिनीत पावसाळ्यात दोन-तीन फुटांवर पाणी लागतं. अशा जागी खोल शोषखड्डा खणला तर तो पाणी शोषण्याऐवजी बाहेरचं पाणी आत घेतो. म्हणून शोषखड्डा उंचावर बांधतात, किंवा रस्त्यावरची लाइनच आपल्या टाकीपेक्षा वर असते, आणि पाणी चढवावं लागतं. नवी मुंबईत सिडकोने वसवलेल्या नोडमध्ये मलवाहिन्या आहेत, पण पनवेल-उरणकडच्या गावांतल्या घरांत टाकी आणि मोटर ही जोडी अजून दिसते. तुमच्या रस्त्याला मलवाहिनी आली असेल तर आधी महापालिकेत जोडणीचा अर्ज द्या, म्हणजे पुढचं अर्धं वाचायचं कारण उरणार नाही.

झाकणं सापडली की घराच्या भिंतीपासून त्यांची अंतरं फुटांत मोजून एका कागदावर काढा आणि तो कागद मीटर बॉक्सच्या दाराला आतून चिकटवा. टाकीचं मापही घ्या. भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे ५ माणसांच्या घराला १.५ मीटर लांब, ७५ सेंटीमीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली एवढी टाकी लागते, म्हणजे साधारण ११०० लिटर, आणि तीही दर दोन वर्षांनी उपसायची हे धरून. बिल्डरने याहून लहान दिलेली असेल तर उपसा लवकर लागेल. आवारात बोअर किंवा विहीर असेल तर शोषखड्ड्यापासून तिचं अंतर मोजा. पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब असायला हवं. टाकीतून निघणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात रोगजंतू असतात, त्यामुळे ते उघड्या गटारात सोडण्याची सूचना कोणी केली तर ऐकू नका.

फ्लोट नावाचा नारिंगी लिंबू

चेंबरमध्ये वायरीला लटकलेला प्लास्टिकचा गोळा म्हणजे फ्लोट. आमचा नारिंगी आहे, म्हणून घरात त्याला लिंबू म्हणतात. पाणी चढलं की तो वर तरंगतो, आतला संपर्क जुळतो, मोटर सुरू होते. पाणी उतरलं की तो खाली लोंबतो, मोटर बंद. एवढंच. पण या घरातल्या निम्म्या भानगडी याच्यामुळे होतात.

फ्लोटची वायर पाइपाला जिथे बांधलेली असते तिथपासून गोळ्यापर्यंतची लांबी म्हणजे त्याची दोरी. दोरी लांब तर मोटर जास्त पाणी साठल्यावर सुरू होते आणि जास्त वेळ चालते. आखूड तर दर थोड्या वेळाने चालू-बंद, चालू-बंद. दुसरा प्रकार मोटरला मारतो, कारण प्रत्येक वेळी सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते.

हिशोब करून बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. ५ माणसांचे ६७५ लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे ५४० लिटर. चेंबर ९० बाय ९० सेंटीमीटर असेल आणि फ्लोटमुळे पाणी ३० सेंटीमीटर खालीवर होत असेल तर एका खेपेला २४३ लिटर जातं. म्हणजे सगळं घर टाकीला जोडलेलं असलं तरी मोटर दिवसातून दोन-तीनदाच लागायला हवी. तुमची वीस वेळा लागत असेल तर कुठेतरी चूक आहे.

एक काळजी: मोटर पूर्ण उघडी पडेपर्यंत पाणी उपसलं जाता कामा नये. फ्लोट बंद होतो त्या क्षणीही मोटरचा धड भाग पाण्यात असला पाहिजे, कारण तिला थंड ठेवतं ते हेच पाणी. माझी पहिली मोटर अशीच गेली. दोरखंडाचं एक लोंबतं टोक फ्लोटच्या वायरीत अडकलं, लिंबू वरच राहिलं आणि मोटर रात्रभर कोरडी चालली. सकाळी चेंबरला जळक्या वार्निशचा वास. तेव्हापासून आमच्या चेंबरमध्ये एकही लोंबतं टोक नाही, सगळं पाइपाला टायने आवळलेलं.

दुसरा फ्लोट पहिल्याच्या वीसेक सेंटीमीटर वर बांधून त्याला स्वयंपाकघरात घंटी जोडून घ्या. मोटर रुसली की पाणी अंगणात येण्याआधी घंटी वाजते. या घंटीचं कनेक्शन मोटरच्या एमसीबीवरून, म्हणजे जादा करंट आला की पडणाऱ्या स्विचवरून, घेऊ नका, वेगळं घ्या, नाहीतर एमसीबी पडला की घंटीही मुकी.

महिन्यातून एकदा

चेंबरचं झाकण उघडून पंधरा मिनिटं तसंच ठेवा. तोवर लांब उभं राहा. मुलं आणि कुत्री घरात. उदबत्ती, विडी, काडी काहीही जवळ नको, टाकीत मिथेन असतो. एकट्याने झाकण उघडायचं नाही, दुसरं माणूस अंगणात हवंच. आणि वाकून डोकं आत घालायचं नाही, टॉर्च उभ्यानेच मारायचा.

मग हूक लावलेल्या काठीने फ्लोट वर उचला. मोटर लागली पाहिजे. पाणी उतरताना बघा, फ्लोट सोडून द्या आणि मोटर आपोआप बंद होते का पाहा. बंद होताच बाहेर येणाऱ्या पाइपाला कान लावा. एकच ‘ठक्’ ऐकू आला तर एनआरव्ही बसला, सगळं ठीक. बराच वेळ ‘खळखळ’ ऐकू आली तर वर चढवलेलं पाणी परत खाली येतंय. एनआरव्ही म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व. त्याच्या पडद्यात केस, कापूस, दोरे अडकले की तो पूर्ण मिटत नाही आणि मोटर तेच पाणी दिवसभर खालीवर करत बसते. आमच्याकडे एकदा पाव इंच रुंदीची नायलॉनची पट्टी निघाली, कुठल्याशा पुड्याची. तिने एका महिन्यात विजेचं बिल वाढवलं होतं.

वायरमन घरी आलाच तर क्लॅम्प मीटरने मोटरचा करंट मोजायला सांगा आणि मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. जास्त खेचत असेल तर इंपेलर, म्हणजे मोटरचा पाणी ढकलणारा पंखा, कशात तरी अडकतोय. खूपच कमी असेल तर ती हवा ढकलतेय किंवा झिजलीय. हा आकडा तारखेसकट वहीत लिहा. सहा महिन्यांनी त्याच आकड्याशी तुलना करता येते.

पॅनेल म्हणजे मोटरच्या स्विचांची पेटी, तिच्याबद्दल दोन गोष्टी. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, अर्थिंग हवंच आणि चेंबरच्या आत वायरीला जोड नको. पॅनेल २६ जुलै २००५ चं पाणी तुमच्या गल्लीत कुठवर आलं होतं हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून त्याच्या वर लावा. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: वायर ज्या नळीतून चेंबरमधून पॅनेलमध्ये येते, त्याच नळीतून टाकीतला गॅसही चढतो आणि तांब्याच्या तारा, कॉन्टॅक्टर काळेठिक्कर पडतात. नळीचं तोंड पुटीने बुजवा. पाच मिनिटांचं काम, पण आमचं पहिलं पॅनेल दीड वर्षात सडलं ते याच कारणाने.

गाळ मोजायची काठी

आता मुख्य काम. टाकी भरली हे कळायला कमोडमधून बुडबुडे येईपर्यंत थांबायचं नसतं. आठ फुटांचा बांबू घ्या. त्याच्या खालच्या चार फुटांना जुना पांढरा टर्किश टॉवेल गुंडाळून सुतळीने घट्ट बांधा. पहिल्या कप्प्याचं झाकण वर सांगितल्याप्रमाणे उघडून वारा जाऊ द्या. बांबू हळूहळू खाली सोडा, तळाला टेकला की तीन-चार मिनिटं तसाच धरा, मग हळूच सरळ वर काढा. टॉवेलवर स्पष्ट दोन रंग दिसतात: वर राखाडी ओल आणि खाली काळा, चिकट, बारीक कणांचा पट्टा. त्या काळ्या पट्ट्याची उंची म्हणजे गाळ. पहिल्यांदा मी तो बघितला तेव्हा किळस यायच्या ऐवजी चक्क आनंद झाला, कारण इतकी वर्षं सगळे अंदाजाने बोलत होते.

वरच्या सायीसाठी दुसऱ्या काठीला आडवी फळी ठोका, इंग्रजी एल अक्षरासारखी. ती सायीतून खाली ढकला, फिरवा आणि वर ओढा, फळी सायीच्या बुडाला अडकते. तिथे आणि सायीच्या वरच्या पातळीला खूण करा, मधलं अंतर म्हणजे सायीची जाडी. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा झाला की गाळ उपसणारी गाडी बोलवायची. १ मीटर खोलीत ३३ सेंटीमीटर. वर्षातून एकदा मोजलं तरी पुरतं. हात साबणाने धुवा, टॉवेल फेकून द्या, आणि बांबू कशाचा आहे हे त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्या शेजारच्या काकूंनी तो एकदा वाळवणाला वापरायला मागितला होता.

गाडी आली की

उपसायची वेळ म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. भर पावसात टाकी रिकामी करू नका. आजूबाजूच्या जमिनीत पाणी असतं आणि हलकी, फायबरची किंवा प्लास्टिकची टाकी रिकामी झाली की होडीसारखी वर उचलली जाते, पाइप मोडतात.

महापालिकेकडे नोंदवा किंवा परवाना असलेला खाजगी टँकर सांगा. नोंदवताना गल्लीची रुंदी आणि गाडी जिथे उभी राहील तिथून झाकणापर्यंतचं अंतर सांगा, नाहीतर पाइप पुरत नाही म्हणून गाडी परत जाते. गाळ कुठे रिकामा करणार हे विचारा आणि पावती घ्या. या प्रश्नावर जो गप्प बसतो तो बहुधा खाडीत किंवा नाल्यात सोडतो.

दोन्ही कप्पे उपसून घ्या. बरेच जण पहिला उपसून दुसरा तसाच ठेवतात आणि पुढच्याच महिन्यात मोटरच्या खड्ड्यात गाळ येतो. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी तळाचा गाळ घट्ट बसला होता. गाडीवाला म्हणाला, “ताई, पोरगा खाली उतरला तर दहा मिनिटांत फावड्याने सैल करील. पाचशे वर द्या.” पोरगा अठरा-एकोणिसाचा, चप्पल काढून तयारच उभा. मी म्हटलं, “नाही दादा, कोणी उतरायचं नाही. पाणी मारू.” बागेची नळी आत सोडली, वरून लांब बांबूने ढवळलं, पाऊण तास जास्त गेला, पण निघाला.

इथे मी कुणाचंच ऐकत नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. ‘वास येत नाही, उतर’ हे वाक्य म्हणूनच जीवघेणं आहे. उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला एका सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात असेच तीन कामगार गेले. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीत अशा तऱ्हेने माणूस उतरवायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि उतरवणाऱ्यात घरमालकही आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई ३० लाख केली. गाडीवाला हट्ट करत असेल तर त्याला परत पाठवा आणि १४४२० या हेल्पलाइनवर फोन करा.

उपसून झालं की टाकी पाण्याने भरून घ्या. शेण, यीस्ट, बॅक्टेरियाची पावडर यातलं काही टाकायची गरज नाही. लागणारे जंतू आपण रोज पाठवतोच. अॅसिड आणि फिनेल बाटलीबाटलीने ओतलं तर मात्र ते मरतात.

मोटर चालत नाही तेव्हा

घाबरून लगेच वर काढू नका. आधी एमसीबी आणि आरसीसीबी बघा. आरसीसीबी चढवताच पुन्हा पडत असेल तर थांबा: वायर कुठेतरी ओली झालीय किंवा मोटरच्या सीलमधून पाणी आत गेलंय. पुन्हा पुन्हा चढवत बसणं म्हणजे शॉकला बोलावणं. वायरमनलाच बोलवा.

वीज ठीक असेल तर काठीने फ्लोट उचला. लागली तर दोष फ्लोटचा. नुसती ‘हूं’ करून फिरत नसेल तर ताबडतोब बंद करा: कपॅसिटर गेलाय किंवा इंपेलरमध्ये काहीतरी अडकलंय. फिरतेय पण पाणी जात नसेल तर आधी बाहेरचा गेट व्हॉल्व कोणी बंद केलाय का बघा. हसू नका, आमच्याकडे पेंटरने केला होता. तो उघडा असेल तर हवा अडकलीय. मोटर आणि एनआरव्ही यांच्यामधल्या पाइपाला चार-पाच मिलिमीटरचं एक भोक असावं लागतं, त्यातून हवा सुटते. नवीन पाइप टाकताना प्लंबर हे भोक पाडायला विसरतात, किंवा कोणी ‘गळतंय’ म्हणून एम-सीलने बुजवतं.

आणि मोटर थांबतच नसेल तर? एनआरव्ही पाहिलात, फ्लोट पाहिलात, तरीही? मग संडासातल्या फ्लशच्या टाकीत रात्री निळीचे चार थेंब टाका. पाव तासाने भांड्यात निळं पाणी उतरलं तर फ्लशची टाकी गळतेय आणि ते सगळं पाणी बिचारी मोटर उचलतेय.

वर काढायचीच वेळ आली तर मेन बंद करा, प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवा, वरचा युनियन (पाइपाचा सुटा होणारा जोड) सैल करा आणि मोटर दोरीने ओढा. वायरीने कधीच नाही. वरच्या वर नळीने धुवून मग दुकानात न्या, तशीच नेलीत तर कारागीर हात लावत नाही. तेलाचा बोल्ट उघडल्यावर तेल ताकासारखं पांढरं दिसलं तर सील गेलंय, मोटरचं वायंडिंग पुन्हा भरायची वेळ येण्याआधीच ते बदला.

काय आत जाऊ नये

पॅड, डायपर, ओले वाइप्स, कापूस, केसांचे गुंते, निर्माल्य. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, वाइप्स विरघळत नाहीत. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी टाकीत येत असेल तर आधी तेल अडवणारी छोटी कुंडी बांधून घ्या, नाहीतर साय दोन वर्षांची सहा महिन्यांत धरते. हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, क्युलेक्स डास याच टाक्यांत वाढतात. बाथरूममध्ये वास आला तर टाकीवर संशय घेण्याआधी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या पाणी धरणाऱ्या भांड्यात, तांब्याभर पाणी ओता, न वापरलेल्या बाथरूमचा ट्रॅप सुकलेला असतो.

जून लागण्याआधी

गच्चीचं पाणी टाकीत येत नाही ना, हे पहिल्या वळवाच्या सरीलाच बघून घ्या. येत असेल तर कुठलीही मोटर पुरणार नाही. झाकणांच्या कडा ग्रीसने बंद करा. चेंबरच्या भिंतीतून झिरपणारं पाणी शोधायचं असेल तर घरातले सगळे नळ रात्रभर बंद ठेवून सकाळी पातळी किती चढली ते मोजा.

वीज गेली तर किती वेळ आहे, हे आधीच काढून ठेवा. आमच्या चेंबरमध्ये घंटीच्या पातळीपासून टाकीतून येणाऱ्या पाइपापर्यंत ४० सेंटीमीटर जागा आहे, ९० बाय ९० च्या हिशोबाने ३२४ लिटर. नेहमीसारखं वागलं तर साधारण अर्ध्या दिवसाला पुरतं. घरच्या इन्व्हर्टरवर ही मोटर लावायच्या फंदात पडू नका, सुरू होतानाच तो बसतो. घंटी वाजली आणि वीज नसली की आमच्याकडे अंघोळी दोन-दोन तांब्यांत होतात, वॉशिंग मशीन बंद आणि कपडे बादलीत भिजत पडतात.